पोपटशेठचा माल शुद्ध होता

पोपटशेठच्या देशी दारूच्या दुकानावर मोर्चा गेला, तेव्हा त्यात एकही बाई नव्हती.

आंबेघळ गावात असं पहिल्यांदाच घडत होतं. आजवरचे सगळे मोर्चे बायकांचे. दुकान बंद करायचं की नाही यावर दोनदा मतदानही झालं होतं, आणि दोन्ही वेळा बाटली आडवी होता होता उभी राहिली होती. त्यामुळे बायकांच्या मोर्च्याचा पोपटशेठला सराव होता. शटर अर्धं ओढायचं, फोन कानाला लावायचा आणि "हो साहेब, हो साहेब" करत मागच्या दारानं जेवायला जायचं. पण समोर आपलीच गिऱ्हाइकं, तीही भर दुपारी, तीही सरळ उभी असलेली बघून तो शटर ओढायचंच विसरला.

"पाणी घालणाऱ्या पोपटशेठचा..."

"धिक्कार असो!"

तक्रार साधी होती. दिवाळीपासून दारू चढत नव्हती, आणि ब्रँड बदलूनही फरक पडत नव्हता. कितीही प्या, माणूस दुकानात जसा गेला तसाच बाहेर येत होता. एकानं पोटभर पिऊन घरी जाऊन पोराचा गणिताचा अभ्यास घेतला होता. दुसऱ्याला पिऊन झाल्यावर आठवलं होतं की मेव्हण्याच्या बाराव्याला जायचं राहिलंच. ही काही पिण्याची लक्षणं नव्हती.

"सीलबंद माल आहे रे बाबांनो," पोपटशेठ काकुळतीला आला. "आईची आण घेऊन सांगतो."

"मग तू पिऊन दाखव!"

पोपटशेठनं चिडून सगळ्यांसमोर एक बाटली घशाखाली उतरवली आणि चढायची वाट बघत खुर्चीत बसला. मोर्चाही बसला. ऊन कलायला लागलं. कुणीतरी चहा सांगितला. शेवटी पोपटशेठच उठला, मोर्च्यात येऊन उभा राहिला आणि पडेल आवाजात म्हणाला, "कंपनीनं मलाच फसवलंय."

मोनाली डेअरीवरून परत येताना रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून हे बघत होती. तिनं मोर्च्यातले चेहरे एकेक करून न्याहाळले. गावातले नावाजलेले पिणारे झाडून हजर होते. फक्त तिचा नवरा, दिगंबर, नव्हता.

आदल्या संध्याकाळीच दिगंबर झोकांड्या खात घरी आला होता. आमटीचं पातेलं भिंतीवर गेलं होतं. मोनालीच्या डाव्या दंडावर त्याची बोटं अजून निळी उमटलेली होती. म्हणजे अख्ख्या गावात एकट्या दिगंबरलाच दारू चढत होती. शेठ त्याला कपाटातली वेगळी देतो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिचं तिलाच हसू आलं. पण स्कूटी वळवताना दंडातून कळ गेली आणि हसू तिथंच थांबलं.

*

आता थोडं दह्याविषयी.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. नीलोफर इनामदार यांनी दह्यातल्या जिवाणूंना एक नवी सवय लावली होती. माणूस दारू पितो तेव्हा ती आतड्यातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत. मेंदूत पोचली की चढली. यकृत तिचा निकाल लावतं, पण सावकाश आणि दोन टप्प्यांत. आधी दारूचं एक विषारी रसायन होतं, मग त्या विषाचं साधं आम्ल होतं, व्हिनेगरमध्ये असतं ते. हे दोन टप्पे घडवून आणणारी विकरं यकृतात तयार होतात. इनामदारबाईंनी ती विकरं बनवणारी जनुकं दह्याच्या जिवाणूंमध्ये बसवली. हे जिवाणू पोटात मुक्कामाला राहत, आणि दारू रक्ताला लागायच्या आतच तिचं व्हिनेगर करून मोकळे होत. नशा नाही, उलटी नाही, सकाळी डोकं धरणं नाही. पिणाऱ्याच्या वाट्याला फक्त वास आणि एक आंबट ढेकर.

ज्यांना दारू सोडायची होती पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप दुकानाकडे वळत होते, त्यांच्यासाठी हे दही होतं. त्याचा प्रयोग दिवाळीच्या आधीपासून आंबेघळीत सुरू होता. त्यात ज्यांनी स्वतःहून होकार दिला होता तेवढेच पुरुष होते. दिगंबरलाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मी कुठं पितो?" हे म्हणताना त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरलेली होती.

मोनालीला या प्रयोगात नोकरी होती. डेअरीच्या एका खोलीत रोज दही लावायचं, होकार दिलेल्यांना वाटायचं आणि संध्याकाळी एका यंत्रात त्यांना फुंकायला लावायचं. श्वासातल्या दारूवरून रक्तात किती आहे ते यंत्राच्या पडद्यावर येई. गावानं त्या यंत्राचं नाव फुंकणी ठेवलं होतं. इनामदार मॅडमनी तिला पुन्हा पुन्हा बजावलेली गोष्ट एकच होती: होकार न दिलेल्या माणसाच्या पोटात हे दही जाता कामा नये.

मोनालीनं ते काटेकोर पाळलं. दही तिनं कुणालाही दिलं नाही. फक्त विरजण दिलं.

विरजण देणं म्हणजे काही देणं असतं, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. बाई वाटी घेऊन दारात आली, "विरजण संपलं गं" म्हणाली, की चमचाभर घालायचं. तोंडानं गप्पा चालू आणि हातानं चमचा. विरजणाला नाही म्हणणारी बाई आंबेघळीत अजून जन्माला यायची होती. दिवे लागल्यावर तेवढं कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही, आणि ही एक प्रथा जिवाणूंनीही नाइलाजानं पाळली. बाकी दिवसभर ते वाटीवाटीनं हिंडले. माहेरपणाला आलेल्या लेकींच्या डब्यांतून एसटीनंही गेले.

स्वतःच्या घरी मात्र मोनालीनं ते कधी नेलं नाही. नवऱ्याचा होकार नव्हता, आणि नियम म्हणजे नियम. घरी दही लावायची ती सासू, हौसाबाई. हौसाबाई विरजण आणायची शेजारच्या रंजनाकडून. आणि रंजनाचा नवरा बबन हा प्रयोगात सर्वांत आधी हात वर केलेला माणूस होता.

*

आंबेघळीत पिणारा प्रत्येक पुरुष दोन माणसांचा मिळून बनलेला असे, आणि ते दोघं एकमेकांना ओळखत नसत.

दिवसाचा दिगंबर फवारणीचा ड्रोन उडवायचा. हात इतका सफाईचा की द्राक्षाच्या बागेत तारांमधून ड्रोन न्यायचा आणि पानाला धक्का लागायचा नाही. हळू बोलायचा. आईच्या गोळ्या वेळेवर आणायचा. संध्याकाळचा दिगंबर भांडी फेकायचा आणि हात उगारायचा. मग सकाळी पहिला दिगंबर उठून विचारायचा, "काल काय झालं गं? मला तर काहीच आठवत न्हाई." आणि स्वतः चहा करायचा, आलं घालून. गावाचा निकाल ठरलेला असे. माणूस सोन्यासारखा आहे, दारू वाईट. शुद्धीत नसलेल्या माणसावर काय राग धरायचा?

मोनालीनंही धरला नव्हता. तिला दारूचा राग होता, म्हणून तर ती नोकरी तिनं धावत जाऊन मिळवली होती.

मोर्च्याच्या त्या संध्याकाळी ती फुंकणी चार्ज करायला घरी घेऊन आली होती. दिवे लागायच्या सुमाराला दिगंबर आला. ओट्यावर बसून त्यानं आधी सरकारला शिव्या घातल्या, मग पावसाला, मग लग्नात मिळालेल्या गादीला. बराच वेळ गेला. मग त्याची नजर फुंकणीवर पडली.

"काय गं ते? आण हिकडं. मी बी फुंकतो."

त्यानं गाल फुगवून फुंकर मारली, यंत्र तिच्या मांडीवर टाकलं आणि पडद्याकडं न बघताच आत गेला. ड्रोनचा रिमोट त्यानं नेहमीप्रमाणे वरच्या फळीवर, भिंतीला टेकवून नीट ठेवला. मग पाण्याचा हंडा लाथेनं उडवला.

पडद्यावर शून्य होतं.

*

सकाळी दिगंबर बागेवर गेल्यावर मोनाली सासूला म्हणाली, "आत्या, यंत्र बिघडलंय."

"मग कुणाला तरी फुंकायला लाव की. पेलेल्या माणसाला."

"गावात चढलेलं माणूस उरलंय कुठं?"

हौसाबाईनं थोडा विचार केला. मग तांदळाच्या डब्यामागं हात घालून तिनं दिगंबरनं लपवलेली बाटली काढली. सगळ्या घराला ती जागा माहीत होती, फक्त माहीत असल्याचं कुणी दाखवत नव्हतं. "म्या धरती तोंडात. गिळायची न्हाई न्हवं?"

"न्हाई आत्या. नुसती धरा, मग थुंका आणि फुंका. तोंडातली थोड्या वेळानं जाते, पण लगेच फुंकलं तर यंत्राला कळतं."

आयुष्यात ज्या वस्तूला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं, तिचा घोट हौसाबाईनं विज्ञानासाठी तोंडात घेतला. डोळे घट्ट मिटले. मोरीत थुंकली, पदरानं तोंड पुसलं आणि फुंकलं. फुंकणी अशी केकाटली की दारातलं कुत्रं उठून निघून गेलं.

"ह्याच्यासाठी मरत्यात व्हय ही लोकं?" हौसाबाई चूळ भरत म्हणाली. "रॉकेल बरं ह्याच्यापरास."

मोनाली पडद्याकडं बघत राहिली. यंत्र ठणठणीत होतं.

"म्हंजे काय गं?" सासूनं विचारलं.

"म्हंजे काल त्यांच्या रक्तात दारू नव्हती."

"वास तर येत हुता."

"वास होता. दारू नव्हती."

हौसाबाई चुलीजवळच्या पाटावर बसली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तोही पिणारा, तोही माणूस सोन्यासारखा. तिचा उजवा कान त्याच्या वेळेपासून ऐकत नव्हता. भिंतीवर त्याचा फोटो होता, आणि रोज सकाळी ताजा हार घालायचा तिचा नेम होता.

"मोना," ती फोटोकडं बघत म्हणाली, "त्यांच्या टायमाला ही फुंकणी नव्हती."

"नव्हती आत्या."

"मग त्यांच्या अंगात किती हुती न किती न्हवती, ते आता कुणाला इचारायचं?"

मोनालीनं बाटली परत डब्यामागं ठेवली. हार ताटात तसाच सुकून गेला.

*

इनामदार मॅडम गावात आल्या त्या पोपटशेठच्या तक्रारीवरून. आपला माल शुद्ध असल्याचं शास्त्रीय प्रमाणपत्र मिळावं, असा त्याचा अर्ज होता. मॅडमनी बाटल्या तपासल्या. दारू अस्सल निघाली. मग त्यांच्या मनात शंका आली आणि त्यांनी घरोघरची दह्याची वाटी तपासली. संध्याकाळी डेअरीच्या खोलीत त्या मोनालीसमोर डोकं धरून बसल्या.

"सगळीकडं आहे. गावभर. शेजारच्या तीन गावांतून आलेल्या वाट्यांतसुद्धा."

"मी दही दिलं न्हाई मॅडम, तुमची शपथ. नुसतं विरजण..." मोनालीचा आवाज बारीक होत होत थांबला. वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच तिला ते कळलं.

मॅडमनी डोळे मिटले. "माझी आईसुद्धा शेजारच्या काकूंकडूनच आणायची. विरजण हा शब्द मी तुला एकदासुद्धा उच्चारून सांगितला नाही. चूक दोघींची आहे." त्या उठून येरझाऱ्या घालायला लागल्या. "उद्याच्या ग्रामसभेत सगळं सांगायचं. न विचारता कुणाच्या पोटात काही घालायचा हक्क आपल्याला नाही, भल्यासाठीसुद्धा नाही. एक गोळी आहे, ती घेतली की हे जिवाणू मरतात. ज्याला नको असेल त्यानं ती घ्यावी."

"मॅडम, एक विचारू? रक्तात शून्य असताना माणूस झोकांड्या खाऊ शकतो?"

"खाऊ शकतो. असे प्रयोग झालेत. दारू म्हणून लोकांना नुसतं सरबत दिलं तरी काहींची जीभ जड होते. चढणार असं मनानं धरलं की थोडं चढतंच. कोण आहे असं?"

मोनालीनं नाव सांगितलं नाही. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला जरा हायसं वाटलं. म्हणजे दिगंबर फसला असेल. वास आला, घसा जळला, मनानं धरलं. बिचारा.

घरी जाताना मोर्चा पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर आला. सगळ्यांनी आरडाओरडा केला होता, कारण त्यांना नशा हवी होती आणि मिळत नव्हती. दिगंबरनं कधी तक्रार केली नव्हती. त्याला जे हवं होतं ते रोज मिळत होतं.

विचार वाईट होता. तिनं तो बाजूला सारला आणि ठरवलं की सभेआधी नवऱ्याला सांगायचं. समजलं की तो थांबेल. फसलेला माणूस कळल्यावर थांबतोच.

*

सकाळी दिगंबर ओट्यावर ड्रोनची पाती पुसत होता. मोनालीनं शेजारी बसून सगळं सांगितलं: दही, विरजण, रंजनाची वाटी, शून्य.

"म्हणजे बघा, दिवाळीपासून तुम्हाला दारू चढलेलीच न्हाई," ती म्हणाली. "नुसतं वाटत होतं तुम्हाला."

दिगंबरचा हात पात्यावर थांबला. तो चकित होईल, असं तिला वाटलं होतं. हसेल, चिडेल, खोटं म्हणेल. निदान "दिवाळीपासून?" एवढं तरी विचारेल.

"कुणाकुणाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

मोनाली त्याच्याकडं बघत राहिली. त्या एका प्रश्नात सगळं आलं होतं. त्याला कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं असणार, जसं मोर्च्यातल्या सगळ्यांना कळलं. आलं घातलेला तो चहा, "मला तर काहीच आठवत न्हाई", सगळं आठवत असताना.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मोना, ऐक." त्यानं पातं खाली ठेवलं. आवाज दिवसाच्याच दिगंबरचा, हळू. "सभेत काही बोलू नको. घराची शोभा हुईल. मी आज गोळी घेतो. मग सगळं पहिल्यासारखं हुईल."

"पहिल्यासारखं म्हणजे कसं?"

तो पुन्हा पातं पुसायला लागला. ते आधीच स्वच्छ होतं.

*

ग्रामसभेला एवढी गर्दी आंबेघळीनं पाणीटंचाईतही पाहिली नव्हती. पोपटशेठ पहिल्या रांगेत प्रमाणपत्राची वाट बघत बसला होता.

मॅडमनी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, आणि माफी मागितली. मग पुरुषांकडून गदारोळ उठला. फसवणूक! आमच्या पोटात न विचारता! सरपंचांनी टेबल बडवलं आणि तोडगा काढला: सगळ्यांनी गोळी घ्यावी, जुनी विरजणं फेकावीत, विषय संपला.

तेव्हा दिगंबर उठला. लोकांना नवल वाटलं, कारण तो सभेत कधी बोलत नसे.

"मी प्रयोगाला नाही म्हणालो होतो," तो म्हणाला. "स्पष्ट नाही म्हणालो होतो. तरी माझ्या जेवणात हे आलं. मी काय खावं, काय प्यावं, ते ठरवायचा हक्क माझा हाय का न्हाई? आज दही आलं, उद्या आणखी काय येईल?"

टाळ्या पडल्या. मॅडमनीही मान हलवली. बोलणं खरंच होतं.

"बरोबर बोलताहेत ते," मागून आवाज आला.

माना वळल्या. मोनाली उभी होती. बायकांच्या बाजूला, खांबाजवळ. तिनं एका हातानं खांब धरला, मग लोकांना भलतंच वाटेल म्हणून सोडला.

"विरजण मी दिलं. चूक माझी. गोळी ज्याला पाहिजे त्याला मी स्वतः घरी आणून देईन, पाण्याच्या तांब्यासकट. फक्त गोळी घ्यायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांनी मिळून समजून घेऊ. दिवाळीपासून या गावात कुणालाही दारू चढलेली नाही. मॅडम, बरोबर?"

"बरोबर."

"मग दिवाळीपासून माझ्या घरात जी भांडी फुटली, ती कुणी फोडली? हे कुणी केलं?" तिनं बाही वर सरकवली. "मला वाटत होतं दारूनं केलं. मी सहा महिने दारूला शिव्या देत होते. शेठच्या दुकानावर दगड मारायची माझी तयारी होती."

"बघा, बघा!" पोपटशेठ ताडकन उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "तीस वर्षं ऐकतोय मी, दारूनं केलं, दारूनं केलं! माझ्या मालावर नाही नाही ते आळ घेतले लोकांनी! आज शास्त्रानं सिद्ध झालं की नाही? मॅडम, लिहून द्या. दिवाळीपासून जे काही झालं त्यात माझ्या मालाचा काडीचाही संबंध नाही!"

गावातल्या बायकांच्या बाजूनं दारूच्या दुकानदारानं दिलेली ही पहिलीच साक्ष. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

आधी रंजना हसली. मग तिच्या शेजारची. मग हसणं बायकांच्या रांगांतून सरकत गेलं आणि सरकता सरकता थांबलं, कारण एकेकीला एकेक संध्याकाळ आठवायला लागली होती. त्या आपापल्या नवऱ्यांकडं वळून बघायला लागल्या. काही नवरे बघत होते. काही जमिनीकडं बघत होते. कोण कुठं बघतंय ते आज सगळ्यांना दिसत होतं.

"बस झालं, खाली बस," सरपंच म्हणाले. "घरातल्या गोष्टी घरात."

"घरातच यांनी फुंकणीत फुंकलं आणि शून्य आलं, सरपंच," मोनाली म्हणाली. "मी उभीच बरी."

गोळ्यांचं खोकं टेबलावर उघडं होतं. मोर्च्यातले काहीजण उठले आणि सरळ जाऊन त्यांनी गोळ्या घेतल्या. त्यांना लपवायचं काही नव्हतं, नशाच हवी होती. बबननं गोळी घेतली नाही. बाकीच्यांची पंचाईत झाली. गोळी घेण्यासाठी जो उठेल त्याच्याकडं त्याची बायको बघणार होती, आणि नाही उठला तरी बघणार होती.

*

संध्याकाळ झाली. आंबेघळीतल्या सगळ्या बायकांना त्या दिवशी नेमकं ओट्यावर बसून काहीतरी निवडायचं होतं.

दिगंबर घराकडं आला तो सरळ चालत. मोनाली दारात उभी होती. मागं हौसाबाई. ओट्यावर दिगंबरचे कपडे आणि पांघरूण घडी घालून ठेवलेलं होतं. घडी हौसाबाईनं घातली होती.

त्यानं ते गाठोडं बघितलं. मग खिशातून गोळीचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं, न फोडलेलं.

"मी गोळी घेतली न्हाई," तो म्हणाला. "आणि ऐक. मी दारू सोडतो. आजपासून बंद. आईच्या पायाची शपथ."

"माझ्या पायाला हात लावायचा न्हाई," हौसाबाई मागून म्हणाली.

"दारू कशाला सोडताय?" मोनालीनं विचारलं. "तिनं काय केलंय?"

"मोना..."

"खरंच विचारते. शेठची माफी मागायची तर मी मागेन. दारूनं मला हात लावलेला न्हाई. ती सोडून मला काय मिळणार?"

"मग काय करू मी?" त्याचा आवाज चढला. "सगळ्या गावासमोर इज्जत काढलीस, आता आणि काय पाहिजे तुला?"

"काय केलंत ते तुमच्या तोंडानं सांगा. इथं, उभं राहून. तोवर तुमची झोप ड्रोनच्या शेडमध्ये."

शेजारच्या ओट्यावर रंजनाची सुपातली बोटं थांबली. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला उतरला आणि सायकलची चेन बघायला लागला. चेनला काही झालं नव्हतं.

दिगंबरनं आजूबाजूला पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. आणि मग, अगदी हळूहळू, तो डुलायला लागला.

आधी डावा खांदा गेला. मग गुडघा सैल पडला. डोळे अर्धे मिटले. "क...काय बोलत्येस तू मला," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. त्यानं एक झोकांडी दिली, हात पसरून तोल सावरला आणि दुसरी दिली. झोकांड्या सफाईदार होत्या. वर्षानुवर्षांचा सराव होता. दिवाळीपासून तर रोजच.

कुणी "शुद्धीत न्हाई तो, जाऊ द्या" म्हणालं नाही. कुणी धरायला पुढं आलं नाही. त्याच्या नशेला लागणारी बाकीची माणसं आज जागेवर बसून होती.

"दिगंबर," शेजारच्याच ओट्यावरून बबन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नीट उभा राहा."

दिगंबर अर्ध्या झोकांडीत थांबला. एक पाय पुढं, एक हात हवेत. तो तसाच थोडा वेळ राहिला, आणि मग त्यानं पाय मागं घेतला, हात खाली घेतला. खांदे सरळ झाले. संध्याकाळच्या उजेडात, आपल्याच दारासमोर, सगळ्यांच्या देखत, तो पूर्ण शुद्धीत उभा होता. पहिल्यांदाच असं वाटलं की त्याला खरोखरची भोवळ येईल.

त्यानं आईकडं पाहिलं. हौसाबाईनं नजर हलवली नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं.

"मी," तो म्हणाला.

एवढंच.

"ऐकतेय मी," मोनाली म्हणाली. दारातून ती हलली नाही. "पुढं बोला. रंजनाताईंपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात."